सोनोग्राफीत ‘बहुधा साधी गाठ’ आढळल्यास पुढे काय करावे

स्तनांच्या सोनोग्राफीच्या अहवालाखाली ‘बायरॅड्स ३’ असा शेरा असेल, तर ती गाठ बहुधा साधी असून कर्करोगाची असण्याची शक्यता दोन टक्क्यांपेक्षा जास्त नाही, असा त्याचा अर्थ होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी या संस्थेने ठरवलेली ही वर्गवारी आपल्याकडचे डॉक्टरही वापरतात. अशा गाठीवर लगेच शस्त्रक्रिया न करता ठरावीक अंतराने पुन्हा सोनोग्राफी करावी, अशी शिफारस असते. मात्र थांबण्याचा हा सल्ला पुढच्या तपासणीच्या भरवशावर दिलेला असतो आणि ती तपासणी चुकली, तर त्या सल्ल्याचा आधारच निघून जातो.

प्रथम अहवाल नीट वाचून घ्यावा. गाठ अंडाकृती, कडा स्वच्छ व रेखीव आणि तिची लांबी त्वचेला समांतर असेल, तर ती बहुतेक वेळा फायब्रोअ‍ॅडेनोमा, म्हणजे तरुण वयात सर्रास आढळणारी साधी गाठ असते. अहवालात गाठीची तिन्ही बाजूंची मापे, घड्याळाच्या आकड्यानुसार तिची जागा आणि स्तनाग्रापासूनचे अंतर लिहिलेले असावे, कारण सहा महिन्यांनी तुलना याच नोंदींशी करायची असते. नोंदी नसतील तर संकोच न करता मागून घ्याव्यात. वय चाळिशीपुढे असल्यास मॅमोग्राफीबद्दलही, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीबद्दलही, डॉक्टरांना विचारावे.

पुढच्या तपासण्या साधारणपणे ६, १२ आणि २४ महिन्यांनी होतात. मराठवाड्यात, विशेषतः बीड आणि धाराशिवच्या ऊसतोड कुटुंबांत, खरी अडचण येथेच येते. मे महिन्यात सोनोग्राफी झालेल्या बाईची पुढची तारीख नोव्हेंबरात येते आणि तोवर टोळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पोचलेली असते. त्यामुळे तारीख घेतानाच स्थलांतराची गोष्ट डॉक्टरांना सांगावी. दसऱ्यापूर्वी, म्हणजे थोडी आधी तपासणी केलेली चालेल का, की कारखान्याजवळच्या गावात करावी, हे त्यांच्याकडून ठरवून घ्यावे आणि जुना अहवाल व फिल्म सोबत न्यावी. गावातील आशाताईंकडेही ही तारीख लिहून ठेवणे फार उपयोगाचे ठरते. पुन्हा येणे शक्यच नसेल, तर तेही स्पष्ट सांगावे. अशा वेळी सुईने तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, हा योग्य मार्ग ठरू शकतो.

आई किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झालेला असेल, किंवा लवकरच गर्भधारणेचा विचार असेल, तरीही वाट पाहण्याऐवजी बायोप्सी करावी का, याची चर्चा आधीच करावी. सहा महिन्यांत गाठीचा व्यास सुमारे २० टक्क्यांहून अधिक वाढला, कडा वेड्यावाकड्या झाल्या किंवा काखेत संशयास्पद गाठ दिसली, तर बायोप्सी टाळू नये. कातडी आत ओढली जाणे, स्तनाग्रातून रक्त येणे, गाठ हाताला वाढलेली जाणवणे, यांपैकी काहीही घडल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि लातूर, नांदेड, अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांच्याकडे त्यासाठी चौकशी करता येते. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, ही आपल्याकडे घट्ट रुजलेली भीती निराधार आहे आणि तिच्यापायी निदान लांबणे हे खरे नुकसान आहे.

याच्या उलट, नुसत्या भीतीपोटी गाठ कापून घेण्याची घाईही करू नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये गरज नसताना काढली गेल्याच्या तक्रारींचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर चर्चेत आला होता. म्हणूनच कोणी तातडीने ऑपरेशन सुचवल्यास ‘बायरॅड्सचा आकडा किती, बायोप्सी झाली का,’ हे विचारण्याचा हक्क प्रत्येक बाईने बजावावा आणि गरज वाटल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

दोन वर्षे गाठ जशीच्या तशी राहिली, तर तिला साध्या गाठींच्या वर्गात टाकले जाते आणि तिच्यासाठी वेगळ्या तपासण्यांची गरज उरत नाही. ती लहान झाली किंवा नाहीशी झाली, तर हा निर्णय त्याआधीही होऊ शकतो. त्यानंतर वयानुसार करायच्या नेहमीच्या तपासण्या चालू ठेवाव्यात आणि नवी गाठ जाणवल्यास जुन्या अहवालावर विसंबून न राहता तिची तपासणी पहिल्यापासून करून घ्यावी.