रबरावर धावणारी गाडी: सगळा खेळ मागच्या आसाचा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की ‘स्वतः चालणारी गाडी’ करायला निघालेल्या मुलाला दोनच सल्ले मिळतात: एक, मोटर आणि सेल लाव, दोन, रबर वाढव. दोन्ही बाजूला ठेवा. बाजारातली मोटर बसवली की परीक्षकांना सांगण्यासारखं फार काही उरत नाही. आणि अडखळणाऱ्या गाडीला नुसतं रबर वाढवलं तर ती जागेवर चाकं घासते, किंवा काडी वाकते. आपली गाडी ताणलेल्या रबरावर चालते: रबराला बांधलेला दोरा मागच्या आसावर गुंडाळायचा, रबर आखडताना दोरा ओढतं आणि आस फिरतो. अशी गाडी चालत नाही तेव्हा दोष बहुतेक वेळा मागच्या आसात, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या काडीत असतो.

सामान: 5 मिलिमीटरचा सनबोर्ड, 25 बाय 10 सेंटिमीटर. चार जुन्या सीडी. पाण्याच्या बाटलीची चार टोपणं. पनीर टिक्क्याच्या बांबूच्या दोन काड्या, साधारण 3 मिलिमीटर जाड. जेलपेनाच्या संपलेल्या जाड रिफिली, चार मणी, बारीक केबल टाय, दोन फुगे, साधे रबरबँड, फेविक्विक आणि एम-सील. जुन्या सीडी सोडल्या तर बाकीचं सोलापूरच्या नवी पेठेत एका चकरेत मिळतं. आस फिरण्यासाठी स्ट्रॉ वापरा असं सगळीकडे सांगतात, पण जुलै 2022 पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉ आतून खरखरीत असते, घासून फुगते. रिफिल त्यापेक्षा कितीतरी चांगली. शाई धुऊन काढा आणि काडी आत सैल फिरते का, ते कापण्याआधीच बघा.

सांगाडा सोपा आहे. बोर्डाच्या मागच्या कडेला मधोमध 3 सेंटिमीटर रुंद, 4 सेंटिमीटर खोल खाच कापा. मागचा आस मागच्या कडेपासून 2 सेंटिमीटरवर, पुढचा आस पुढच्या कडेपासून 3 सेंटिमीटरवर. म्हणजे दोन आसांत 20 सेंटिमीटर. रिफिलीचे तुकडे खालच्या बाजूने चिकटवा: मागे खाचेच्या दोन्ही बाजूंना साडेतीन सेंटिमीटरचा एकेक, पुढे 10 सेंटिमीटरचा सलग. गोंद पक्का होण्याआधी दोन आसांमधलं अंतर डाव्या आणि उजव्या टोकाला मोजा. 10 सेंटिमीटर रुंदीत 2 मिलिमीटरचा फरक पडला तर 5 मीटर जाईपर्यंत गाडी मीटरभर बाजूला वळलेली असते.

आता मागचा आस. इथे पूर्ण संध्याकाळ द्या.

सीडीचं छिद्र 15 मिलिमीटरचं, काडी 3 मिलिमीटरची. मधली जागा एम-सीलने बुजवून अंदाजाने काडी खुपसली की चाक लंगडतं, हे ठरलेलंच. त्यापेक्षा सीडीच्या मध्यावर टोपण चिकटवा आणि काडी त्यातून घाला. आधी टोपण आतून-बाहेरून बघा: बऱ्याच टोपणांना बरोबर मध्यावर साच्याचा बारीक ठिपका असतो. तिथे कंपासच्या टोकाने आरपार टोचा. मग टोपणाच्या सपाट पाठीवर त्याच बिंदूभोवती साडेसात मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. टोपणाची पाठ सीडीला लावा आणि दुसऱ्या बाजूने छिद्रातून बघा. वर्तुळाची रेघ छिद्राच्या कडेला सगळीकडून सारखी भिडली, की मध्य जुळला. फेविक्विकचे दोन थेंब फक्त जागेवर धरून ठेवायला, मग टोपणाभोवती एम-सीलची वळी. फेविक्विक मोठ्या माणसानेच लावावं. लहान बोटं क्षणात चिकटतात.

टोपणाचं छिद्र काडीपेक्षा किंचित लहानच ठेवा आणि काडी फिरवत फिरवत आत घाला. तापवलेल्या सुईने भोक पाडायचा सल्ला ऐकू नका. प्लॅस्टिक वितळून भोक तिरकं आणि ढिलं होतं, आणि ढिलं चाक म्हणजे काडी आत फिरते, चाक उभं राहतं. काडी 14 सेंटिमीटरची कापा. आधी एक चाक बसवा, मग मणी, मग काडी रिफिलींतून पलीकडे, पुन्हा मणी, दुसरं चाक. मणी नसेल तर सीडी सनबोर्डाला घासते. आता चाक फिरवा आणि कडेजवळ पेनाचं टोक स्थिर धरा. टोक आणि कड यांच्यातलं अंतर एक मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-जास्त होत असेल तर एम-सील ओलं आहे तोवरच सरळ करा. मग काडीच्या सांध्यालाही एम-सील लावून रात्रभर हात लावू नका.

दुसरी मेख दोऱ्याची. बहुतेक मुलं रबर किंवा दोरा आसाला गाठ मारून बांधतात. सुरुवातीला गाडी झोकात निघते. दोरा पूर्ण उलगडला की आस फिरतच असतो, त्यामुळे दोरा उलट्या बाजूने गुंडाळायला लागतो, रबर पुन्हा ताणलं जातं, गाडी गचकन थांबते आणि मागे येते. गाठ अजिबात मारायची नाही. खाचेच्या मध्यावर काडीला आधी सुताचे चार वेढे आणि गोंदाचा थेंब, त्यावर केबल टाय घट्ट ओढा आणि शेपटी 5 मिलिमीटर ठेवून कापा. हा झाला आकडा. दोऱ्याच्या टोकाला सैल फास करून तो आकड्यात नुसता अडकवायचा. ओढ असेपर्यंत फास धरून राहतो, दोरा संपला की आपोआप निसटतो आणि गाडी मोकळी पुढे घरंगळते. फास सुटत नसेल तर मोठा करा. गुंडाळतानाच सुटत असेल तर आकडा किंचित मागे वाकवा.

दोरा न ताणणारा हवा. सोलापुरात अनेकांच्या घरी नाहीतर शेजारी माग असतो, टॉवेलचं सूत हाताशी असतं. पण एकेरी सूत झटक्याने तुटतं. तीन पदर एकत्र पिळून घ्या. दोन रबरबँड एकमेकांत ओवून साधारण 12 सेंटिमीटरची साखळी करा, पुढच्या कडेपासून एक सेंटिमीटरवर अडकवा, आणि मागच्या आसापर्यंत उरलेल्या 10 सेंटिमीटरला पुरेल एवढाच दोरा बांधा.

हिशेब वहीत मांडा. 3 मिलिमीटरच्या काडीचा परीघ सुमारे 9.4 मिलिमीटर, म्हणजे 10 सेंटिमीटर दोऱ्याचे साधारण साडेदहा वेढे. सीडीचा परीघ 37.7 सेंटिमीटर. रबर गाडीला सुमारे 4 मीटर ओढतं, पुढचं अंतर तिच्या स्वतःच्या वेगावर. काडीवर टेप गुंडाळून जाडी 6 मिलिमीटर केली तर जोर दुप्पट, पण ओढ 2 मीटरच. परीक्षकांना हीच तुलना दाखवा. स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते हे सगळेच पाठ म्हणतात. त्यांना एक रबर झटकन ताणून लगेच ओठाला लावायला सांगा, गरम लागतं.

पुढची चाकं तशीच करा, फक्त आकडा नको. फुग्याचा मधला पट्टा कापून मागच्या सीडींच्या कडेवर चढवा.

गाडी निघतच नसेल तर रबराला हात लावण्याआधी ती उचलून चाकाला टिचकी मारा. चाक लगेच थांबलं तर कुठेतरी घासतंय. चाकं जागेवर घसरत असतील तर मागच्या आसाच्या वर दहाची दोन नाणी चिकटवा. रिफिलीत तेल घालू नका, ते रबरापर्यंत पोचतं आणि रबर खराब करतं. पेन्सिलच्या शिशाची पूड चालते.

चाचणी शाहबादी फरशीवर घेत असाल तर सांधे आडवे येणार नाहीत अशी सरळ रांग निवडा. प्रत्येक बदलानंतर पाच फेऱ्या, टेपने मोजून. गाडी आणि रबर उन्हात ठेवू नका, सोलापूरचं ऊन रबराला चिकट करतं. गुंडाळलेली गाडी रात्रभर तशीच ठेवली तर रबर सैल पडतं. प्रदर्शनाच्या दिवशी नवे चार रबरबँड आणि पिळलेल्या दोऱ्याचे दोन तुकडे खिशात असू द्या.