'दे' दिसला की 'निंगूनो'? जरा थांबा

स्पॅनिशमध्ये 'नादा' म्हणजे काहीच नाही, हे चटकन अंगवळणी पडतं. रडवतात ते 'नादिए' आणि 'निंगूनो'. दोघांचाही अर्थ 'कोणी नाही' असा पाठ केलेला असतो आणि घोळ तिथेच सुरू होतो.

'नादिए' फक्त माणसांसाठी, आणि मोघम. वर्गात कोणीच नाही: 'नो आय नादिए एन ला क्लासे'. 'निंगूनो' माणसांना चालतो, वस्तूंनाही, पण बोलणाऱ्याच्या डोळ्यासमोर आधीपासून एक ठरावीक गट हवा. त्यातला 'एकही नाही', असा तो. मित्रांपैकी एकही आला नाही: 'निंगूनो दे मीस आमीगोस बीनो'. गट अनेक जणांचा असला तरी क्रियापद एकवचनी. सगळ्या बहिणी असतील तर 'निंगूना दे मीस एर्मानास'. इथे 'नादिए दे मीस आमीगोस' लिहिलंत की पेपरात लाल रेघ पडलीच.

यावरून क्लासमध्ये एक तोडगा सर्रास दिला जातो: पुढे 'दे' (म्हणजे 'चा', 'पैकी') दिसला की 'निंगूनो' ठोकायचा. माझ्या मते असल्या तोडग्यांनीच विद्यार्थ्यांचं जास्त नुकसान होतं. 'नादिए दे मी फामिलिया' हे अगदी बरोबर स्पॅनिश आहे! फामिलिया म्हणजे कुटुंब हा एकवचनी समूह, त्यातली माणसं सुटी मोजलेली नाहीत. म्हणजे नुसता 'दे' पाहून भागत नाही, त्याच्यापुढचं नाम पाहायचं. अनेकवचन असेल (मित्र, शेजारी, 'एयोस' म्हणजे ते) तर 'निंगूनो'. घरदार, वर्ग, ऑफिस असं एकगठ्ठा नाव असेल तर 'नादिए'.

आपल्याला आणखी एक खोड असते. मराठीत 'कोणीच' म्हटलं की 'नाही' आलंच, म्हणून 'कोणीच आलं नाही' यासाठी हात 'नादिए नो बीनो' लिहून मोकळा होतो. ते चूक. नकारी शब्द क्रियापदाआधी आला तर 'नो' (म्हणजे 'नाही') गळतो: 'नादिए बीनो'. नंतर आला तर 'नो' हवाच: 'नो बीनो नादिए'. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, घाबरू नका.

कर्म माणूस असेल तर 'आ' (आपल्या 'ला'सारखा) विसरायचा नाही. मी कोणालाच पाहिलं नाही: 'नो बी आ नादिए', 'नो बी आ निंगूनो दे एयोस'. पुस्तकांना तो नको: 'नो लेई निंगूनो दे लोस लीब्रोस'. 'गुस्तार' म्हणजे 'आवडणं', त्याच्यासोबत तर भलेभले घसरतात. कोणालाच थंडी आवडत नाही: 'आ नादिए ले गुस्ता एल फ्रीओ'. सुरुवातीचा 'आ' गाळला की वाक्य मोडलं.

सराव रिकाम्या जागा भरून होत नाही. प्रश्नोत्तरं मोठ्याने म्हणा. प्रश्नात 'आल्गिएन' (कोणीतरी) असेल तर उत्तरात 'नादिए', 'आल्गो' (काहीतरी) असेल तर 'नादा', 'आल्गूनो' (एखादा) असेल तर 'निंगूनो'. या जोड्या तोंडात बसल्या की निम्मं काम झालं.

पुल्लिंगी एकवचनी नामाआधी 'निंगूनो'चा 'निंगून' होतो, आणि लिहिताना त्याच्या शेवटच्या स्वरावर आघातचिन्ह येतं. 'निंगूनो'वर येत नाही. माझ्याकडे एकही पुस्तक नाही: 'नो तेंगो निंगून लीब्रो'. 'निंगूनोस लीब्रोस' नको. अनेकवचन राखून ठेवा ते 'तिखेरास' म्हणजे कात्रीसारख्या सहसा अनेकवचनात वापरल्या जाणाऱ्या नामांसाठी: 'निंगूनास तिखेरास'.