लहान ऑनलाइन गेमचे अंदाजपत्रक कसे मांडावे

एकट्याने खेळायचा गेम विकला गेला की बनवणाऱ्याची जबाबदारी बरीचशी संपते. चौघांनी चार फोनवरून एकत्र खेळायच्या गेमची मात्र तेव्हा सुरू होते. सर्व्हरचे भाडे, दुरुस्त्या आणि तक्रारी यांना सुट्टी नसते. म्हणून ‘गेम बनवायला किती पैसे लागतील’ या प्रश्नापाशी सुरुवात न करता, प्रसिद्धीनंतर निदान वर्षभर तो चालता ठेवण्याची आपली ऐपत किती, हे आधी ठरवावे आणि उरलेल्या पैशांत व वेळेत बसेल एवढाच गेम आखावा. उदाहरणासाठी मेंढीकोट हा चौघांचा पत्त्यांचा खेळ घेऊ. कळव्यात राहणारा एक प्रोग्रॅमर आणि नेरुळची एक चित्रकार नोकरी सांभाळून, फक्त अँड्रॉइडसाठी, हा गेम करायला बसले आहेत असे समजा.

पहिल्या कागदावर गेममध्ये काय नसेल ते लिहावे. मेंढीकोटाचे नियम घराघरांत वेगळे असतात. कुणी हुकमाचे पान बंद ठेवतात, तर कुणी रंग नसलेला गडी जे पान टाकून कापेल तोच हुकूम मानतात. पहिल्या आवृत्तीत यांतला एकच प्रकार घ्यावा. आवाजी गप्पा, स्पर्धा, दागिन्यांनी मढवलेले पत्ते हे सगळे दुसऱ्या यादीत टाकावे आणि ती यादी वर्षभर उघडू नये.

कष्ट कुठे जातात हे पाहण्यासाठी एक डाव जवळून पाहू. पत्ते पिसणे आणि वाटणे सर्व्हरवरच व्हायला हवे, आणि प्रत्येक फोनला फक्त त्याची तेरा पाने कळायला हवीत. सगळी बावन्न पाने फोनवर पाठवून तीन हात नुसते झाकून ठेवले, तर थोडी खटपट करणारा गडी चारही मेंढ्या (म्हणजे दश्श्या) कुणाकडे आहेत हे आधीच पाहून बसेल. आलेल्या रंगाचे पान हातात असताना भलतेच पान टाकले गेले, तर ते सर्व्हरने नाकारायला हवे. आणि चौघांपैकी एक जण पारसिकच्या बोगद्यातून जाणाऱ्या गाडीत बसलेला असेल, तर उरलेल्या तिघांचा डाव अडू नये म्हणून वीस सेकंद थांबून त्याच्या जागी बॉटने, म्हणजे आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रॅमने, नियमात बसणारे पान टाकावे, आणि नेटवर्क आल्यावर त्या गड्याला तोच डाव पुढे खेळता यावा. पत्त्यांची चित्रे महिनाभरात होतील. हे तुटणे आणि जोडणे नीट जमायला त्याच्या दुप्पट वेळ धरावा. चांगला बॉट पुढेही उपयोगी पडतो, कारण नव्या गेममध्ये रात्री अकराला चार गडी एकदम जमणे कठीण असते. अनोळखी गडी शोधून देण्याऐवजी व्हॉट्सॲपवर पाठवता येईल असा रूमचा कोड द्यावा, म्हणजे टेबल भरण्याचे काम खेळणारेच करतील.

सर्व्हरच्या खर्चाची धास्ती बहुतेकांना असते, पण ती गेमच्या प्रकारावर अवलंबून आहे. धावपळीच्या गेममध्ये प्रत्येक गड्याला सेकंदाला २० वेळा २०० बाइट पाठवायचे म्हटले, तर तासाला १४.४ एमबी होतात. महिनाभर सरासरी १०० जण सतत खेळत असले, तर हा आकडा सुमारे १,०३७ जीबीवर जातो. ॲमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरसेवेच्या मुंबई विभागातून बाहेर जाणाऱ्या डेटाचा दर जीबीला सुमारे ११ सेंट आहे आणि महिन्याला पहिले १०० जीबी मोफत आहेत, म्हणजे डेटाचेच सुमारे १०० डॉलर लागतात. मेंढीकोटात गड्याला पाच सेकंदांतून एकदा ५०० बाइट पाठवले तरी भागते. तेवढ्याच गर्दीचा महिन्याचा डेटा २६ जीबीच्या आसपास राहतो आणि मोफत हद्दीतच बसतो. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, महापे भागांत डेटा सेंटर उभी आहेत, तेव्हा सर्व्हर जवळ असावा असा मोह होईल. पण पत्त्यांच्या डावाला सिंगापूरचा स्वस्त सर्व्हरही चालतो. जवळच्या सर्व्हरसाठी जादा पैसे धावपळीच्या गेमनेच मोजावेत.

आता वेळ. प्रोग्रॅमरचे आठवड्याला १५ तास आणि चित्रकाराचे १० तास धरून ३५ आठवड्यांचे ८७५ तास होतात. तासाला ४०० रुपये लावले, तर ही रक्कम साडेतीन लाख होते. हे पैसे कुणी कुणाला देणार नसले, तरी आकडा कागदावर असावा, कारण नवे काही घालू या असे वाटले की त्याची किंमत लगेच दिसते. दोघांच्या वाट्याचे प्रमाण आणि एकाने मध्येच सोडल्यास काय करायचे, हे याच वेळी लेखी करावे.

रोख खर्चासाठी डॉलर ९० रुपये धरू. गूगल प्लेची एकदाच भरायची नोंदणी २५ डॉलर, म्हणजे २,२५० रुपये. ॲपलचे दरवर्षीचे ९९ डॉलर यंदा वाचवावेत. गोडो हे गेम बनवण्याचे इंजिन फुकट आणि मुक्त परवान्याचे आहे. युनिटी या दुसऱ्या इंजिनाच्या कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलेले रनटाइम शुल्क, म्हणजे गेम फोनवर उतरण्यागणिक आकारायची रक्कम, २०२४ मध्ये मागे घेतले, पण मधल्या काळात अनेकांचे हिशेब विस्कटले. आपल्या साधनाच्या अटी बदलू शकतात, हे त्यातून लक्षात ठेवावे. संगीत व आवाजांना १५,०००, चाचणीसाठी दोन जुन्या, कमी रॅमच्या फोनना १२,०००, चौदा महिन्यांच्या सर्व्हरला २८,०००, सीएला १०,००० आणि जाहिरातीच्या व्हिडिओला २०,००० धरले, तर नोंदणीसह ८७,२५० होतात. त्यावर २० टक्के राखीव ठेवून एकूण १,०४,७०० रुपये. राखीव रकमेला प्रसिद्धीपूर्वी हात लावू नये.

वेळापत्रकात एक गोष्ट हमखास सुटते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर गूगल प्लेवर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला, गेम सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी किमान १२ परीक्षकांसह सलग १४ दिवस बंद, म्हणजे निवडक लोकांपुरती, चाचणी घ्यावी लागते. घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या सोसायटीच्या ग्रुपमधून बारा जण सहज मिळतील. ते चौदा दिवस टिकावेत म्हणून वीस जणांना सांगावे. मेंढीकोटाला गणपतीच्या जागरणांएवढा चांगला मुहूर्त नाही, पण त्याच आठवड्यात आपणही कोकणात असतो आणि सर्व्हर बंद पडला तर लॅपटॉप घेऊन रेंज शोधत फिरावे लागते. तेव्हा आषाढातच गेम बाहेर काढावा आणि श्रावणभर फक्त दुरुस्त्या कराव्यात.

कायद्याचा भाग आखणीच्या वेळीच पाहावा. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, म्हणून गेममध्ये विकत घेतलेली नाणी परत रुपयांत वळवण्याची सोय कोणत्याही रूपात ठेवू नये. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. फोन नंबर न मागता टोपणनावाने खेळू दिले, तर बरीच कटकट टळते आणि साठवणही कमी लागते.

जमेची बाजू कठोरपणे मांडावी. जाहिराती हटवण्यासाठी एकदाच ९९ रुपये ठेवले आणि गूगलचे १५ टक्के वजा केले, तर कर बाजूला ठेवून हाती सुमारे ८४ रुपये येतात. रोख खर्च भरून निघायला साधारण १,२४५ जणांनी विकत घ्यायला हवे. शंभरात दोघे घेतात असे मानले, तर गेम बासष्ट हजारांहून अधिक फोनवर उतरायला हवा. हा आकडा अवाक्याबाहेरचा वाटला, तर खर्च कापावा. किंमत वाढवून वहीतला ताळा जुळतो, गिऱ्हाईक वाढत नाही. सहाव्या महिन्यात निम्मी वसुली झाली नसेल तर नवे काम थांबवायचे आणि बाराव्या महिन्यात सर्व्हर बंद करायचा की नाही ते ठरवायचे, असे सुरुवातीलाच लिहून ठेवावे. बंद करायची वेळ आली, तर खेळणाऱ्यांना दोन महिने आधी सूचना द्यावी आणि बॉटसोबत ऑफलाइन खेळता येईल अशी शेवटची आवृत्ती काढावी, म्हणजे ९९ रुपये दिलेल्याच्या फोनवर गेम शिल्लक राहील. त्या आवृत्तीचे चाळीसेक तासही ८७५ मध्येच मोजावेत.