रिपोर्टवर ‘एएस’ आहे आणि जीव जडलाय, तर

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन आहे. 19 जूनला जागतिक सिकलसेल दिन असतो (सिकलसेल म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा, आईवडिलांकडून येणारा आजार), त्या सुमारास कॉलेजांत तपासणी शिबिरं होतात आणि मग चारपाच दिवसांनी कुणीतरी खिडकीशी घुटमळतं. गर्दी ओसरली की हळूच, “ताई, एक विचारू का?” प्रश्न मला पाठ आहे: रिपोर्टवर ‘एएस’ आलंय, मग ज्याच्यावर जीव जडलाय त्याच्याशी लग्न करावं की नाही? मी स्वतः एएस आहे, नवराही एएस. म्हणून खिडकीत सांगते तेच इथे लिहिते.

आधी भीती नेमकी कशाची आहे ते ठरवा. एएस म्हणजे वाहक. आईकडून किंवा वडिलांकडून सिकलचं एकच जनुक आलेलं. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, गोळ्या लागत नाहीत. एसएस म्हणजे दोन्हीकडून आलेलं, तो आजार. म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडले तर धोका त्यांना नाही, पुढे होणाऱ्या मुलांना आहे. हे कळलं की निम्मी पोट्टी तिथेच मोकळा श्वास घेतात. उरलेली जास्त घाबरतात.

मग तपासणी, आणि ती दोघांची. शिबिरात करतात ती सोल्युबिलिटी. रक्ताचा थेंब द्रावणात टाकून नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरायची. रेघा आरपार दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण या नळीला एएस आणि एसएस यांतला फरक कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी लागते, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून दाखवणारी तपासणी. आणि बहुतेकांना माहीत नसतं ते हे: तुम्ही एएस आणि तिची नळी निगेटिव्ह, एवढ्यावर पेढे वाटू नका. बीटा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक आजार, त्याचा वाहक नळीच्या चाचणीत सापडतच नाही, आणि सिकल व थॅलेसेमिया एकत्र आले तरी बाळाला आजार होऊ शकतो. दोघांचीही एचपीएलसी करा. रिपोर्टात हिमोग्लोबिन ए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) 3.5 टक्क्यांच्या वर दिसलं तर थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शंका असते, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

आता हिशेब. एक एएस आणि दुसरा पूर्ण नॉर्मल असेल तर आजारी मूल होणार नाही, वाहक होण्याची शक्यता निम्मी. दोघेही एएस असाल तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के एसएस, 50 टक्के एएस, 25 टक्के नॉर्मल. एक एएस आणि एक एसएस असेल तर निम्मी शक्यता आजाराची. ‘प्रत्येक गरोदरपणात’ हे दोनदा वाचा. पहिलं एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. नाणं मागचा डाव लक्षात ठेवत नाही.

सांगायचं कधी? माझ्या मते, याच माणसासोबत राहायचं असं मनात पक्कं व्हायला लागलं की त्याच आठवड्यात. साखरपुड्याची तारीख निघाल्यावर नको. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकून तर अजिबात नको. आमचं बोलणं एसटी स्टँडच्या चहाच्या टपरीवर झालं. मी म्हटलं, “मी एएस आहे.” तो म्हणाला, “मी बी.” थोडा वेळ दोघंही गप्प. मग त्यानेच विचारलं, “मंग आता?”

त्या ‘मंग आता’चं उत्तर लग्नाआधी लागतं. शिबिरात आम्ही सांगतो की वाहकाने वाहकाशी लग्न टाळावं. स्थळं अजून बघायची आहेत त्यांना मीही तेच सांगते. पण जीव जडून गेलेल्यांना एवढं सांगून भागत नाही, त्यांच्यापुढे वाटा ठेवाव्या लागतात. मूलच नको, ही एक. दत्तक, ही दुसरी. त्यासाठी जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षं झालेली लागतात. तिसरी, दिवस गेल्यावर साधारण 10 ते 12 आठवड्यांत वारेचा अगदी छोटा तुकडा काढून बाळाची तपासणी. म्हणजे पाळी चुकल्याबरोबर डॉक्टरांकडे, चौथ्या महिन्यात नाही. टेस्ट ट्यूबमध्ये गर्भ तपासून घेण्याची सोयही आहे, पण खर्च आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचा.

तिसऱ्या वाटेत एक काटा आहे: रिपोर्ट एसएस आला तर काय करायचं? आम्ही दोघांनी आपापलं उत्तर वेगवेगळ्या कागदावर लिहून मग एकमेकांना दाखवलं. समोरासमोर विचारलं की माणूस दुसऱ्याला आवडेल ते बोलतो. उत्तरं जुळली नाहीत तर थांबा. घाई करू नका असं मी इथेच काय ते सांगते. आमची जुळली. नागपूरला तपासणी झाली, रिपोर्ट येईपर्यंत जेवण घशाखाली उतरत नव्हतं. मुलगी एएस आहे.

तुमचं माणूसच एसएस असेल तर गोष्ट वेगळी. एसएसमध्ये अंग वारंवार दुखतं, हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने पुष्कळांचं दुखणं कमी होतं, नोकरी-संसार करणारे कितीतरी एसएस रोज माझ्या खिडकीवर येतात. तुम्ही एवढं शिका: पाण्याची बाटली कायम जवळ, थंडीत अंगभर कपडे, ताप आला तर घरी काढा पाजत बसायचं नाही, थेट दवाखाना. दुखणं उठलं की “तुझं नेहमीचंच” हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. हनिमूनला लडाखचा हट्ट सोडा, 3,500 मीटरवर ऑक्सिजन कमी आणि थंडी जास्त, दोन्ही वाईट. मुलगी एसएस असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटा, गोळ्या बदलाव्या लागतात.

घरचे? ते आजाराची जात काढतात. “त्यांच्यातच असते ते,” असं माझ्या मावशीनेही ऐकवलं. जिथे मलेरिया फार होता तिथे हे जनुक टिकलं, कारण वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, आपल्याकडेही आहे. आईला मी एवढंच म्हटलं, “माझ्यात आलं ते तुझ्याकडून की बाबांकडून, ते आधी तपासू.” त्यानंतर घरात तो विषय जरा नरमला.

खिडकीवर येताना दोघं मिळून या. उपाशीपोटी यायची गरज नाही. मात्र गेल्या तीन महिन्यांत कुणाला रक्त चढवलं असेल तर सुई टोचायच्या आधी सांगा, रिपोर्ट चुकीचा येतो.