मुलींसाठी आत्मविश्वासाचे तास घेताय? या चुका टाळा

पाचवी ते आठवीच्या मुलींसाठी शाळाशाळांतून खूप उपक्रम होतात आणि ते घेणाऱ्या बाई, समुपदेशक मनापासून राबतात. तरीही तास संपल्यावर काही मुली आधीपेक्षा जास्त हिरमुसलेल्या दिसतात. अशा वेळी ‘मुलीच बोलत नाहीत’ असं म्हणून सोडून देऊ नका. उपक्रम कसा मांडला होता ते आधी तपासा.

पाठीवरचा कागद

हा सगळ्यांचा आवडता खेळ. प्रत्येकीच्या पाठीवर कोरा कागद लावायचा आणि मैत्रिणींनी त्यावर तिच्याबद्दल चांगलं काही लिहायचं. शेवटी एकीचा कागद भरून वाहतो आणि दुसरीच्या कागदावर दोनच ओळी येतात, त्यातली एक बाईंनी लिहिलेली. आपण कुणाला आवडत नाही अशी जिला आधीच शंका होती, तिच्या हातात आपण लेखी पुरावा ठेवला. शिवाय लिहिलेलं काय असतं? ‘केस छान आहेत’, ‘तू गोरी आहेस’, ‘ड्रेस मस्त’. सावळ्या मुलीला घरी, लग्नसमारंभात, टीव्हीवर जे ऐकावं लागतं, तेच वर्गातही ऐकवलं जातं.

खेळ बंद करायची गरज नाही. सोमवारी प्रत्येकीने एका नावाची चिठ्ठी उचलायची आणि नाव मनातच ठेवायचं. आठवडाभर त्या मुलीकडे लक्ष द्यायचं. शनिवारी तिने केलेली एक गोष्ट लिहायची. दिसण्याबद्दल एकही शब्द नको. ‘पहिलीतल्या मुलीच्या बुटाची नाडी बांधून दिलीस’, ‘भूमितीत अडले तेव्हा न हसता समजावलंस’. चिठ्ठ्या वाटण्याआधी बाईंनी सगळ्या वाचाव्यात. एखादी कोरी किंवा टोचणारी निघाली तर ती परत लिहून घ्यावी. असं केलं की प्रत्येकीला एक चिठ्ठी नक्की मिळते, आणि आपल्याकडे कुणीतरी नीट पाहिलं हेही तिला कळतं.

‘मी हुशार आहे, मी सुंदर आहे’

आरशासमोर उभं राहून अशी वाक्यं म्हणवून घेणं सोपं आहे, म्हणून ते फार होतं. कॅनडात कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं घोकल्यावर उलट वाईट वाटलं. मनाला पटत नसलेलं वाक्य जिभेवर ठेवलं की आतून लगेच उत्तर येतं, ‘खोटं!’

‘हुशार आहेस’ या कौतुकाचंही तसंच आहे. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. हुशारीची शाबासकी मिळालेली मुलं पुढे अवघड काम टाळू लागली आणि अपयशानंतर त्यांची कामगिरी घसरली. मेहनतीची शाबासकी मिळालेल्यांनी चिकाटी सोडली नाही.

त्यापेक्षा मुलीला काम द्या, आणि ते काम खरं असू द्या. पोषण आहाराच्या तांदळाची नोंद ठेवणं, मुख्याध्यापकांची मुलाखत घेणं, सायकलचं पंक्चर काढायला शिकणं, पोस्टात जाऊन स्वतः फॉर्म भरणं. महिनाअखेर वहीत दोन ओळी लिहायला सांगा: आधी काय जमत नव्हतं, आता काय जमतं. ही वही तिला स्वतःला खोटी वाटत नाही.

इथेच आणखी एक सवय मोडायला हवी. दर वर्षी 3 जानेवारीला बालिका दिनाचं भाषण, सूत्रसंचालन, स्वागतगीत या सगळ्याला त्याच तीन मुली पुढे असतात. बाकीच्या टाळ्या वाजवतात. स्टेजवर बोलणं हा आत्मविश्वासाचा एक प्रकार आहे, एकमेव नाही. बुजऱ्या मुलीला थेट उभं करू नका. आधी एका मैत्रिणीशी, मग चौघींच्या गटात, मग वर्गासमोर. प्रश्न विचारल्यावर थोडं थांबा. ती बोलणार असते, आपणच घाई करतो.

‘तू समजूतदार ना, सोडून दे’

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दयाळूपणा शिकवायच्या नावाखाली आपण मुलींना पडतं घ्यायला शिकवतो. भांडण झालं की दोघींना वर्गासमोर बोलावून ‘सॉरी म्हणा, मिठी मारा’ करवतो. जिला त्रास झाला तिला मिठीही मारावी लागते!

मुलींची भांडणं पुष्कळदा हातघाईवर येत नाहीत. डबा खायला सोबत न घेणं, कट्टी घ्यायला इतरांना भाग पाडणं, मागून नावं ठेवणं असे त्यांचे मार्ग असतात. मानसशास्त्रज्ञ निकी क्रिक यांनी 1995 मध्ये या वागण्याचा अभ्यास मांडला तेव्हापासून ते आक्रमकतेतच मोजलं जातं. म्हणून ‘मुलींचं चालायचंच’ म्हणू नका. दोघींशी वेगवेगळं बोला, बघत राहिलेल्या मुलींशीही बोला, आणि जेवणाच्या सुट्टीत बसायच्या जोड्या काही दिवस तुम्हीच ठरवा. भूमिकानाट्यात ‘नाही, मला हे आवडलं नाही’ हे वाक्य शांत आवाजात म्हणायचा सराव घ्या.

दयाळूपणासाठी व्हँकूव्हरच्या शाळांत 9 ते 11 वर्षांच्या मुलांवर झालेला प्रयोग उपयोगी आहे. चार आठवडे, दर आठवड्याला चांगुलपणाच्या तीन छोट्या कृती, आणि त्या मुलांनी स्वतः निवडायच्या. 2012 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार या मुलांना वर्गमित्रांनी जास्त आपलंसं केलं. ‘स्वतः निवडायच्या’ हे विसरू नका. यादी बाईंनी दिली की तो गृहपाठ होतो.

मुलींचाच तास आणि मुलगे मैदानावर, असं नेहमी नको. मुलगे चिडवत असतील तर हा सराव त्यांनाही हवा. शाळेतल्या मुला-मुलींच्या मीना-राजू मंचात राजूही आहे.

‘कुणाला सांगणार नाही’

हे वचन कधीही देऊ नका. गुपित पेटीत (मनातलं लिहून चिठ्ठी टाकायची पेटी) किंवा गप्पांच्या गोलात एखादी मुलगी लैंगिक अत्याचाराबद्दल सांगू शकते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून पहिल्याच तासाला सांगा: ‘तुझं बोलणं मी चारचौघांत नेणार नाही, पण तुला धोका असेल तर मदत करू शकणाऱ्यांना सांगेन, आणि ते तुला सांगूनच.’ गोलात तिने बोलायला सुरुवात केली तर हळूच थांबवून बाजूला घ्या, ऐका, उलटतपासणी करू नका, तिचेच शब्द लिहून ठेवा. पेटी दर आठवड्याला दोघांनी मिळून उघडा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या शाळेच्या सखी सावित्री समितीतली माणसं कोण, हे मुलींना चेहऱ्याने माहीत हवं, आणि 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक वर्गात त्यांच्या नजरेच्या उंचीवर लिहिलेला हवा.

तासाचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे असतील तर रडणाऱ्या, मन मोकळं करणाऱ्या मुलींचे टाकू नका. अहवालाला फळ्याचा फोटो पुरतो.