तोलाचा सराव घरी करताना या चुका टाळा

गादीवर उभं राहून डोळे मिटणं ही सर्वांत मोठी चूक, आणि नवशिके सुरुवात नेमकी तिथूनच करतात. तोल तीन ठिकाणच्या खबरीवर टिकतो: डोळे, आतला कान, आणि तळपाय-घोट्यांतून येणारी जाणीव. मऊ गादीने घोट्यांची खबर पुसट होते, मिटलेल्या डोळ्यांनी दुसरी जाते, आणि सगळा भार कानावर पडतो. उतारवयात तोही मंदावलेला असतो.

क्रम असा ठेवा. खोलीच्या कोपऱ्याकडे पाठ, पुढ्यात जड खुर्ची, जवळ घरचं कुणी. अनवाणी, पावलं जुळवून, डोळे उघडे ठेवून ३० सेकंद. तीनदा न डगमगता जमलं तरच डोळे मिटा. गोधडीची चौघडी त्यानंतर, आणि तिच्यावर पुन्हा डोळे उघडे.

भिंत घट्ट धरू नका, बोटाचं टोक नुसतं टेकवा. १०० ग्रॅमहून कमी दाबाने शरीर पेललं जात नाही, पण झोक कुठे जातोय हे त्या बोटाला कळतं आणि डोलणं लगेच कमी होतं. हाताने भार घेतला की पाय शिकायचे राहतात.

समोर टीव्ही नको. वडोदरा स्टेशनवर शेजारची गाडी सुटली की आपलीच हलल्यासारखी वाटते ना? हलतं दृश्य मेंदूला तसंच फसवतं. भिंतीवरच्या एका खुणेवर नजर ठेवा.

गरब्यात गिरक्या घेऊन थांबल्यावर डोळे मिटले की गरगरणं वाढतं. आपण थांबलो तरी कानाच्या नलिकांतला द्रव काही क्षण पुढे सरकत असतो. मांडवाचा एखादा खांब निवडून त्याच्याकडेच बघा.

दांडिया बाजारातल्या जुन्या घरांचे उभे जिने बायफोकल लावून उतरताना पायरी धूसर दिसते, कारण खालची काच वाचनाच्या अंतराची असते. हनुवटी खाली घेऊन वरच्या काचेतून बघा. लांबचा वेगळा चष्मा असेल तर उत्तमच.

कूस बदलताच मिनिटभराच्या आत थांबणारी गरगर येत असेल, तर बहुधा कानातले कॅल्शियमचे कण नलिकेत सरकलेले असतात. तिथे हा सराव पुरत नाही. कानाचे डॉक्टर डोकं ठरावीक दिशांनी फिरवून ते कण जागी नेतात. मात्र चक्करेसोबत बोलणं अडखळलं, एकाची दोन दिसू लागली किंवा हात-पाय लुळा पडला, तर सरळ १०८ ला फोन करा.