पोहणाऱ्यांसाठी आणि ट्रायथलॉनपटूंसाठी पाठीचे व्यायाम: वजन उचलण्याची योग्य पद्धत

फ्रीस्टाइल पोहताना हात पाण्यात पुढे रोवला जातो आणि शरीर त्या हाताला ओलांडून पुढे सरकते. ही ओढ मुख्यतः लॅट्स म्हणजे काखेच्या मागून कमरेपर्यंत पसरलेले रुंद स्नायू देतात. ट्रायथलॉनमध्ये मात्र पाठीचे काम तेवढ्यावर संपत नाही. ऑलिंपिक अंतराच्या स्पर्धेत १.५ किलोमीटर पोहून झाले की तीच पाठ ४० किलोमीटर सायकलवर वाकलेल्या स्थितीत धड सांभाळते आणि नंतरच्या १० किलोमीटर धावण्यात, थकलेली असतानाही, धड ताठ ठेवते. त्यामुळे व्यायामशाळेत पाठीसाठी दिलेला वेळ केवळ रुंद पाठ कमावण्यासाठी नसून ओढणे आणि स्थिर राहणे या दोन्ही क्षमता वाढवण्यासाठी असतो.

पुढील प्रत्येक व्यायामात एकच प्रश्न स्वतःला विचारावा: आत्ता कोणता सांधा हलायला हवा आणि कोणता जागेवर राहायला हवा? ओढण्याच्या व्यायामांत खांद्याची पाती, खांदा आणि कोपर हलतात, तर कंबर स्थिर असते. वाकण्याच्या व्यायामांत खुब्याचे सांधे हलतात आणि कंबर तेव्हाही स्थिरच असते. वजन जास्त झाले की सर्वांत आधी हाच नियम मोडतो आणि जे काम लॅट्सनी किंवा नितंबांनी करायचे ते कमरेचे मणके झोके देऊन करू लागतात.

सुरुवातीची स्थिती

कण्याची नैसर्गिक स्थिती ओळखण्यासाठी एक सरळ काठी पाठीला उभी लावावी. ती डोक्याचा मागचा भाग, दोन्ही पात्यांच्या मधली जागा आणि माकडहाड या तीन ठिकाणी टेकायला हवी. कमरेपाशी तिच्या मागे साधारण तळहात सरकेल एवढी फट राहते. गुडघे किंचित सैल करून, तिन्ही ठिकाणांचा स्पर्श न सोडता खुब्यातून पुढे वाकता आले, तर पुढचे बहुतेक व्यायाम शिकणे सोपे जाते. ते जमत नसेल तर वजनाला हात लावण्याआधी हाच सराव काही दिवस करावा.

पोट आत ओढून घेऊ नये. कुणीतरी पोटावर बोट रोवणार आहे असे समजून ते जसे आपोआप चहूबाजूंनी घट्ट होते, तसे करावे. हलक्या व्यायामांत जोर लावताना श्वास सोडावा आणि परत येताना घ्यावा. जड वजन घेऊन वाकताना पुष्कळ जण खाली जाण्याआधी श्वास भरून क्षणभर रोखतात, त्यामुळे धडाला आधार मिळतो. परंतु रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी श्वास रोखणे टाळावे.

लॅट पुलडाउन

बसून डोक्यावरचा बार खाली ओढण्याच्या या यंत्रावर मांड्यांवरचा पॅड घट्ट बसवून, दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकवावीत. बार खांद्यांपेक्षा थोडा रुंद धरावा. फार रुंद पकडीने हालचाल तोकडी होते आणि खांद्यावर ताण येतो. हात वर असताना खांदे कानांकडे मोकळेपणाने वर जाऊ द्यावेत. ओढायला सुरुवात कोपर वाकवून करू नये. आधी पाती खाली सरकवावीत आणि मग कोपरे बरगड्यांच्या दिशेने खाली आणावीत. धड किंचितच मागे झुकलेले असावे आणि ते संपूर्ण सेटभर, म्हणजे न थांबता केलेल्या सर्व आवर्तनांत, त्याच कोनात राहावे. बार गळ्याच्या हाडांच्या जवळ, छातीच्या वरच्या भागापाशी आला की एक सेकंद थांबावे आणि दोन ते तीन सेकंद घेत हात पूर्ण सरळ होईपर्यंत वर जाऊ द्यावेत.

पोहणाऱ्यासाठी या व्यायामाचा वरचा अर्धा भाग विशेष मोलाचा आहे, कारण पाण्यात हात पुढे ताणून पकड घेताना खांदा जवळपास त्याच स्थितीत असतो. म्हणूनच अर्ध्यावरून परत फिरणारी आवर्तने मोजू नयेत. पाती सतत खाली आणि मागे दाबून धरण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. हात डोक्याच्या वर असताना तो चुकीचा ठरतो, असे मला ठामपणे वाटते. हात बाजूने पूर्ण वर नेण्याच्या सुमारे १८० अंशांच्या हालचालीत जवळपास ६० अंशांचा वाटा पाते फिरण्याचा असतो. पाते जखडले की खांद्याच्या सांध्याला ती उणीव भरून काढावी लागते आणि आठवड्यात हजारो वेळा हात फिरवणाऱ्या माणसाला ते परवडत नाही.

चुका साधारण तीन प्रकारच्या दिसतात. झोका घेऊन बार खाली आणणे ही पहिली; त्यावर वजन कमी करणे एवढाच उपाय आहे. दुसऱ्या चुकीत बरगड्या पुढे फुगतात, कंबर आत वळते आणि बार छातीला लागल्याचा नुसता भास होतो. तिसरी सहज लक्षात येत नाही: बार पोटापर्यंत ओढण्याच्या नादात कोपरे धडाच्या मागे जातात आणि खांदे पुढे गोलावतात. मानेमागे बार ओढण्याचा प्रकार पोहणाऱ्यांनी करूच नये. त्यात खांदा हालचालीच्या टोकाला नेला जातो, मान पुढे ढकलली जाते आणि पुढून ओढण्यापेक्षा वेगळा असा काही लाभही होत नाही.

पुल-अपला, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून शरीर वर ओढण्याला, हेच नियम लागू होतात. एकही पूर्ण पुल-अप जमत नसेल तर पायाखाली रबर बँडचा आधार घ्यावा, किंवा स्टुलावरून वर जाऊन पाच सेकंद घेत सावकाश खाली यावे.

हात सरळ ठेवून केबल खाली ओढणे

पाण्यातील ओढीशी सर्वांत जवळचे नाते याच व्यायामाचे आहे, तरीही त्याकडे दुर्लक्ष होते. केबल डोक्याच्या वर लावून एक पाऊल मागे उभे राहावे आणि खुब्यातून थोडे पुढे झुकावे. कोपरे किंचित वाकलेली ठेवून तो कोन पूर्ण सेटभर बदलू देऊ नये. कोपरांची टोके जमिनीकडे न वळता बाहेरच्या बाजूला असावीत. पाण्यात कोपर उंच ठेवून पकड घेण्याची सवय याने पक्की होते. बार मांड्यांपर्यंत आणावा आणि सावकाश वर जाऊ द्यावा. वजन हलकेच हवे. कोपर वाकू लागले की काम दंडाच्या मागच्या स्नायूंकडे जाते, आणि बरगड्या उघडू लागल्या की कमरेकडे.

एका हाताने डंबेल रो

आडव्या ओढीच्या, म्हणजे रो प्रकारच्या, व्यायामांत मी वाकून केलेल्या बारबेल रोपेक्षा याला पसंती देतो. सायकलिंगने आधीच थकलेल्या कमरेला इथे बाकाचा आधार मिळतो आणि दोन्ही बाजूंमधला फरक उघड होतो. एक हात बाकावर टेकवावा, पावले एकमेकांपासून पुरेशी दूर ठेवावीत आणि पाठ जमिनीला जवळपास समांतर आणावी. डंबेल लोंबकळत असताना त्या बाजूचे पाते खाली ताणले जाऊ द्यावे. मग कोपर छताकडे उचलण्याऐवजी खिशाकडे ओढावे. दंड धडाच्या रेषेत आला की हालचाल संपते. त्यापुढे ओढल्यास खांद्याचा पुढचा भाग उगाच ढकलला जातो. छाती जमिनीकडेच राहावी, धड वळू देऊ नये.

नेहमी एकाच बाजूने श्वास घेणाऱ्यांमध्ये दोन्ही बाजूंची ताकद असमान असू शकते. अशा वेळी सेट कमकुवत बाजूने सुरू करावा आणि तेवढीच आवर्तने दुसऱ्या बाजूने करून थांबावे. बसून केबल रो करतानाही नियम हेच आहेत, फक्त धड पुढे-मागे डोलू देऊ नये. लांब सायकल फेरीच्या दुसऱ्या दिवशी तिरक्या बाकावर छाती टेकवून रो करणे सर्वांत सुरक्षित.

फेस पुल

लॅट्स आणि छातीचे स्नायू दंडाला आतल्या बाजूला फिरवतात आणि पोहण्याने तेच बळकट होत जातात, म्हणून दंड बाहेर फिरवणाऱ्या खांद्यामागच्या छोट्या स्नायूंना वेगळे काम द्यावे लागते. केबल चेहऱ्याच्या उंचीवर लावून दोरी कपाळाकडे ओढावी. शेवटी कोपरे खांद्यांच्या पातळीत असावीत आणि मुठी एकमेकींपासून दूर जाऊन मागे वळलेल्या असाव्यात. १२ ते १५ सावकाश आवर्तने पुरतात. इथे जड वजन घेण्यात काहीही अर्थ नाही.

रोमानियन डेडलिफ्ट

जमिनीवरून वजन उचलण्यापेक्षा उभ्याने बार धरून खुब्यातून वाकण्याचा हा प्रकार ट्रायथलॉनपटूला अधिक उपयोगी आहे, कारण त्यात मांडीमागचे स्नायू, नितंब आणि कण्यालगतचे स्नायू एकत्र काम करतात आणि किती खाली जायचे हे ज्याच्या त्याच्या लवचिकतेवर ठरते. पावले खुब्यांइतक्या अंतरावर ठेवावीत, गुडघे किंचित वाकवून तो कोन जवळपास कायम राखावा. त्यानंतर खाली वाकण्याचा विचार न करता नितंब मागे सरकवावेत. धड आपोआप पुढे येते. बार मांड्यांना आणि पुढे नडग्यांना जवळजवळ घासत खाली यावा. मांडीमागे ताण जाणवला आणि त्यापुढे जाण्यासाठी कंबर गोल करावी लागणार असेल, तर तीच आपली मर्यादा. काहींसाठी ती गुडघ्याच्या जरा खाली असते, तर काहींसाठी नडगीच्या मध्यावर. मान कण्याच्या रेषेत ठेवावी, आरशात पाहण्यासाठी वर उचलू नये. वर येताना पावलांनी जमीन दाबावी आणि सरळ उभे राहिल्यावर थांबावे, मागे झुकू नये.

वेळेकडेही लक्ष द्यावे. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्यांमध्ये पाणी अधिक भरलेले असते आणि उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकताना त्यांवर जास्त ताण येतो. पहाटे सराव करणाऱ्यांनी अंथरुणातून थेट डेडलिफ्टकडे जाऊ नये. आधी पोहणे किंवा चालणे उरकून घ्यावे. एअरो बारवर, म्हणजे सायकलच्या हँडलवरच्या कोपरे टेकण्याच्या दांड्यांवर, तासन्‌तास वाकून सायकल चालवल्यावर लगेच जड वजन घेऊन वाकणेही टाळावे.

स्थिरतेचे व्यायाम

कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेल्या तीन मूलभूत व्यायामांपैकी बर्ड डॉग आणि साइड प्लँक हे दोन इथे पुरेसे आहेत. बर्ड डॉगमध्ये हात-गुडघ्यांवर येऊन विरुद्ध बाजूंचा हात आणि पाय लांब करावा. टाच मागे ढकलावी, वर उचलू नये, आणि खुबा एका बाजूला उघडू देऊ नये. साइड प्लँकमध्ये कुशीवर होऊन एका कोपरावर शरीर तोलावे; कोपर थेट खांद्याखाली असावे आणि डोक्यापासून पायांपर्यंत एकच रेषा दिसावी. मिनिटभर थरथरत राहण्यापेक्षा दहा-दहा सेकंद नीट धरून, सोडून, पुन्हा धरणे चांगले.

किती आणि केव्हा

स्पर्धा दूर असताना आठवड्यातून दोनदा आणि स्पर्धांच्या काळात एकदा, एवढा सराव बहुतेकांना पुरतो. डेडलिफ्ट आणि पुलडाउनचे ६ ते ८ आवर्तनांचे, बाकी ओढण्याच्या व्यायामांचे ८ ते १२ आवर्तनांचे दोन ते तीन सेट करावेत. अजून दोन आवर्तने नीट होऊ शकली असती असे वाटत असतानाच सेट थांबवावा. मोबाइल बाजूला उभा करून शेवटचा सेट चित्रित करावा आणि पहिले व शेवटचे आवर्तन शेजारी ठेवून पाहावे. दोन्ही सारखी दिसली तरच पुढच्या वेळी उपलब्ध असलेल्या सर्वांत लहान चकतीने वजन वाढवावे. त्याच दिवशी तंत्रावर भर देणारे पोहणे असेल तर ते आधी करावे आणि मध्ये काही तासांचे अंतर ठेवावे, कारण थकलेल्या लॅट्सनी पाण्यात कोपर खाली पडते.

एक-दोन दिवसांनी स्नायूंमध्ये जाणवणारा बोथट ठणका सामान्य आहे. खांद्याच्या पुढच्या भागात टोचल्यासारखी कळ येत असेल तर त्या दिवशी डोक्यावरचे व्यायाम थांबवावेत, आणि ती टिकून राहिली तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे. कमरेतून गुडघ्याखाली उतरणारी वेदना, पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर वाकण्याचे सर्व व्यायाम बंद करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्याबरोबर लघवी किंवा शौचावरचे नियंत्रण बिघडले, अथवा जांघेच्या आतली जागा बधिर झाली, तर वेळ न दवडता रुग्णालयात जावे.